नूर इनायत खान: सुटकेसमधला रेडिओ आणि लंडनने दुर्लक्ष केलेला इशारा

तुमचा फोन कुठल्या टॉवरच्या जवळ आहे हे कंपनीला कळतं, कारण फोन सतत सिग्नल सोडत असतो. 1943 च्या पॅरिसमध्ये हीच गोष्ट जीवावर बेतायची. कुणी चोरून रेडिओवर संदेश पाठवायला लागलं की जर्मन लोक सिग्नल कुठून येतोय याची दिशा काढायचे, आणि मग अँटेना लपवलेली गाडी थेट त्या गल्लीत यायची. अशा शहरात नूर जवळपास चार महिने टिकली. लंडनमधले अधिकारी तिथल्या रेडिओ ऑपरेटरला सहा आठवडे धरून चालायचे!

तिचा जन्म 1914 चा, मॉस्कोतला. वडील इनायत खान मूळचे बडोद्याचे, सूफी गुरू आणि संगीतकार. त्यांच्या आजोबांनी, म्हणजे मौलाबक्षांनी, गायकवाडांच्या राज्यात गायनशाळा काढली होती. आई अमेरिकन. नूर वाढली पॅरिसजवळ, सोर्बोनमध्ये बालमानसशास्त्र शिकली, लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची. 1939 मध्ये तिचं जातककथांचं इंग्रजी पुस्तक आलं. पुढच्या वर्षी फ्रान्स पडला, घरचे इंग्लंडला गेले आणि ती हवाई दलाच्या महिला शाखेत वायरलेस शिकायला लागली.

ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेचं काम म्हणजे शत्रूच्या ताब्यातल्या देशांत घातपात घडवणं आणि तिथल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवणं. त्यांना फ्रेंच बोलणारा ऑपरेटर हवाच होता. ट्रेनिंगमधल्या काहींचं मत होतं की ही मुलगी फार हळवी आहे, पाठवू नये. तरी जून 1943 मध्ये एका रात्री छोट्या लायसँडर विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं. टोपणनाव मॅडलिन.

काही दिवसांतच जर्मनांनी पॅरिसमधलं त्यांचं मोठं जाळं उद्ध्वस्त केलं. लंडनने परत बोलावलं, ती आली नाही. ती गेली असती तर तिथल्या उरलेल्या लोकांचा लंडनशी संपर्कच तुटला असता.

सेट सुटकेसमध्ये मावायचा, पण अँटेना म्हणजे लांबच लांब तार. ती कुठे टांगायची हाच रोजचा प्रश्न. त्यामुळे घरं बदलत राहायचं, संदेश छोटा ठेवायचा, काम झालं की निघायचं. एन्क्रिप्शन हाताने. पाठ असलेल्या कवितेतले काही शब्द निवडायचे, त्यांच्या अक्षरांवरून संदेशातल्या अक्षरांची उलटापालट करायची, तीही दोनदा. मला विचाराल तर यातला खरा कच्चा दुवा माणूस होता. घाईत एक अक्षर चुकलं की पूर्ण संदेशाचा चोथा.

ऑक्टोबरमध्ये कुणीतरी पैशांसाठी तिचा पत्ता विकला. तिच्यासोबत सेट सापडला, आणि जुन्या संदेशांची वहीसुद्धा, साध्या भाषेतल्या मजकुरासकट. म्हणजे पासवर्ड आणि चॅट बॅकअप एकत्रच. जर्मनांनी तिच्या नावाने लंडनशी बोलणं सुरू केलं.

इथे एक गोष्ट चटका लावते. एसओईचे कोड पाहणारे लिओ मार्क्स यांनी तिला खास खूण दिली होती, असं त्यांनी आठवणींत लिहिलंय: 18 अक्षरांची की कधी वापरायची नाही. वापरली तर समजायचं की ती पकडली गेली. तशी की आली. मार्क्स यांनी सांगितलंही. पण वरच्यांनी संपर्क चालूच ठेवला. नंतर पॅराशूटने पाठवलेले एजंट उतरले ते थेट जर्मनांच्या हातात.

नूरने पॅरिसमधल्या कैदेतून दोनदा पळायचा प्रयत्न केला, एकदा तर छतावरून. मग तिला जर्मनीत फोर्झाइमच्या तुरुंगात साखळदंडात ठेवलं. तिने सहकाऱ्यांबद्दल काही सांगितलं नाही. 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊच्या छळछावणीत तिला आणि आणखी तीन महिला एजंटना गोळ्या घातल्या. वय 30. ब्रिटनने 1949 मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.