अनुभवाच्या छायेत बहरलेले कर्तृत्व : शेठ वालचंद हिराचंद

भारतीय उद्योगविश्वात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते शेठ वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरच्या दिगंबर जैन समाजाचे भूषण होत. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत स्वदेशी उद्योगाचा पाया घालणाऱ्या या पुरुषाच्या जडणघडणीत जाणत्यांच्या मार्गदर्शनाचा वाटा फार मोठा होता.

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. जन्मानंतर अल्पावधीतच मातृछत्र हरपले. घराण्याचा सावकारीचा व कापसाचा व्यापार सुस्थितीत होता. मुंबई व पुणे येथील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते पेढीवर आले. परंतु त्या चाकोरीत त्यांचे मन रमेना. काहीतरी नवे उभारावे ही ऊर्मी होती, मात्र त्यासाठी लागणारे ज्ञान पेढीवर मिळण्यासारखे नव्हते.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते व पुढे कंत्राटदारीकडे वळले होते. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती, वालचंदजींपाशी भांडवल उभे करण्याची शक्ती होती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून या भागीदारीची वाटचाल सुरू झाली. कंत्राटाच्या धंद्यात दर भरताना झालेली लहानशी चूकही सारा नफा गिळून टाकते. मातीकामाचे मोजमाप, मजुरांची जमवाजमव, बिलांची वसुली या गोष्टी कामावर उभे राहूनच शिकाव्या लागतात. सधन घरातील या तरुणाने एका माजी कारकुनाकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही, हेच त्यांच्या यशाचे बीज ठरले. पुढे भोर घाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी अशी अवघड कामे त्यांच्या हातून पार पडली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा उदय झाला.

१९१९ साली जहाज वाहतुकीसारख्या अनोळखी क्षेत्रात पाऊल टाकतानाही त्यांनी हाच मार्ग अनुसरला. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील 'लॉयल्टी' हे जहाज घेऊन सिंदिया कंपनी स्थापन झाली. शेठ नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांसारख्या अनुभवी व्यक्तींची साथ त्यांनी मिळवली. कंपनीचे अध्यक्षपद नरोत्तमजींनी भूषविले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तथापि पुढील वाट काट्यांची होती. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून स्पर्धा केली. अखेर १९२३ मध्ये त्यांच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यातील जाचक अटींमुळे सिंदियाच्या विस्तारावर मर्यादा आली, पण कंपनी जिवंत राहिली. धडाडीला संयमाची जोड कशी द्यावी, याचा धडा या काळाने दिला. १९२९ साली नरोत्तमजींच्या पश्चात कंपनीची धुरा वालचंदजींकडे आली आणि ती त्यांनी १९५० पर्यंत समर्थपणे वाहिली.

१९४० मध्ये बंगळूर येथे विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि माळरानावर वसलेले वालचंदनगर ही त्यांच्या कर्तृत्वाची शिखरे होत. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेले 'जलउषा' १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरित झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदजींची प्राणज्योत मालवली.

जैन परंपरेत गुरूचे स्थान थोर आहे. व्यवहारातही ते तितकेच मोलाचे आहे. वारशाने भांडवल मिळते, अनुभव मात्र नम्रतेने मागून घ्यावा लागतो. समाजातील तरुण उद्योजकांनी जाणत्यांचा हात धरावा आणि ज्येष्ठांनीही तो मोकळ्या मनाने पुढे करावा, हीच वालचंदजींच्या स्मृतीस खरी आदरांजली ठरेल.