शारदेचे जनक : गोविंद बल्लाळ देवल

मराठी नाटकाचा इतिहास लिहिताना सांगली, पुणे आणि मुंबई या नगरांची नावे वारंवार येतात. परंतु त्या इतिहासातील एका मोठ्या दिवसाचा मान मात्र आपल्या इंदूर नगरीकडे आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने येथे एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्या नाटकाचे नाव 'संगीत शारदा' आणि त्याचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल. तोपर्यंत मराठी संगीत रंगभूमीवर शकुंतला, सुभद्रा, वसंतसेना अशा प्राचीन नायिका वावरत होत्या. त्या रात्री प्रथमच एका गरीब भिक्षुकाच्या घरातील, परकर-पोलक्याच्या वयातून नुकतीच बाहेर पडू पाहणारी मुलगी नायिका म्हणून रंगमंचावर उभी राहिली. ज्यांनी तिला उभे केले, त्या देवलांचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे असे आहे.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे. देवलांचे नाव त्या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. सांगलीचा हा परिसर म्हणजे मराठी रंगभूमीची जन्मभूमीच होय. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' हे नाटक सांगलीस करून दाखविले आणि तेथून मराठी नाटकाची वाट सुरू झाली. देवल जन्मले तेव्हा ही रंगभूमी अवघ्या बारा वर्षांची होती. तिचे आणि त्यांचे बालपण असे जवळजवळ एकाच वेळी गेले.

त्यांचे इंग्रजी शिक्षण बेळगावास झाले, आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गाठ पडली. बेळगावच्या हायस्कुलात त्या वेळी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच पुढे अण्णासाहेब किर्लोस्कर म्हणून ख्याती पावलेले गृहस्थ, शिक्षक होते. त्यांना नाटकाचा आणि पद्यरचनेचा जबरदस्त नाद होता. गुरूच्या अंगी जो नाद असतो, तो पुस्तकातील धड्यापेक्षा लवकर शिष्याच्या अंगी उतरतो, असा अनुभव आहे. देवलांच्या बाबतीत तेच घडले. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी स्वतःही शिक्षकाचा पेशा पत्करला. परंतु त्यांचे खरे अध्यापन वर्गाच्या चार भिंतींत व्हावयाचे नव्हते. ते व्हावयाचे होते नाटक मंडळ्यांच्या तालमीत.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेबांनी पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. नटांनी स्वतः गावे, बोलावे आणि अभिनयही करावा, ही पद्धत त्या प्रयोगाने रूढ झाली. पुढे १८८२ साली 'सौभद्र' आले आणि किर्लोस्कर मंडळीचे नाव महाराष्ट्रभर झाले. देवल हे या मंडळीत नट म्हणून आणि तालीम देणारे मास्तर म्हणून वावरले. पण १८८५ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब वारले. त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते आणि 'रामराज्यवियोग' हे त्यांचे नाटक अपुरेच राहिले होते. गुरू गेला, आता मंडळीस नवी नाटके कोण देणार, हा प्रश्न उभा राहिला. ज्या थोड्या लोकांनी आपल्या लेखणीने तो सोडविला, त्यांत देवल अग्रभागी होते.

देवलांनी आयुष्यात एकंदर सात नाटके लिहिली. संख्या लहान आहे, परंतु त्यांतील वैविध्य पाहण्यासारखे आहे. 'दुर्गा' (१८८६) हे एका इंग्रजी शोकनाट्यावरून रचलेले. 'मृच्छकटिक' हे शूद्रकाच्या आणि 'विक्रमोर्वशीय' हे कालिदासाच्या संस्कृत नाटकाचे मराठी रूप. 'झुंझारराव' (१८९०) म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो मराठी वेषात. 'शापसंभ्रम' (१८९३) हे बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून केलेले. 'संशयकल्लोळ'चे मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या एका प्रहसनात असून, ते मर्फी नावाच्या लेखकाच्या इंग्रजी नाटकावाटे देवलांकडे आले. सातांपैकी सहांचा धागा असा दुसऱ्या कोणाच्या तरी ग्रंथाकडे जातो. एकटी 'शारदा' तेवढी सर्वस्वी त्यांची स्वतःची.

परंतु परक्या कथा आपल्याशा करणे हीही सामान्य विद्या नव्हे. 'झुंझारराव' पाहताना प्रेक्षकाला व्हेनिस नगरीची आठवण होत नाही. तो संशय, तो क्रोध आणि तो पश्चात्ताप जणू आपल्याच एखाद्या सरदार घराण्यात घडला असे वाटते. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे थोर नट गणपतराव जोशी यांनी झुंझाररावाची भूमिका अजरामर केली. 'संशयकल्लोळ'मध्ये तर देवलांनी पात्रांची नावेही मोठ्या गमतीने योजिली आहेत. फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, कृत्तिका, रेवती, रोहिणी अशी सारी नावे महिन्यांची आणि नक्षत्रांची! एका तसबिरीवरून नवराबायकोच्या मनात उठलेला संशयाचा धुरळा पाहताना प्रेक्षक हसून बेजार होतो, पण ही मंडळी परदेशातून आली आहेत अशी शंकासुद्धा त्याच्या मनात येत नाही.

आता 'शारदे'कडे वळू. तिचे मोल कळण्यासाठी त्या काळची सामाजिक स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकणे हा तेव्हा धर्म समजला जात असे. त्यातच एक अधिक घोर चाल होती. पैसेवाला म्हातारा, पहिली बायको वारली की दुसरी, दुसरी वारली की तिसरी करावयास निघे, आणि दारिद्र्याने किंवा लोभाने ग्रासलेला बाप पैसे मोजून घेऊन आपली अजाण मुलगी त्याच्या हवाली करी. असा नवरा दोनचार वर्षांत निवर्तला की मागे राही ती बालविधवा. तिचे केशवपन, तिचे कोंडलेले आयुष्य. पुण्यात गोपाळ गणेश आगरकर अशा रूढींविरुद्ध आपली लेखणी झिजवीत होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः एका विधवेशी विवाह केला होता. सरकारने १८९१ साली संमतिवयाचा कायदा करून मुलींची वयोमर्यादा दहावरून बारा केली, तेव्हा त्या एवढ्याशा सुधारणेवरूनही केवढे रण माजले होते! अशा तापलेल्या वातावरणात देवलांनी हा विषय हाती घेतला.

नाटकाचे कथानक साधे आहे. कांचनभट हा नावाप्रमाणेच कांचनाचा लोभी भिक्षुक. त्याची मुलगी शारदा उपवर झाली आहे. भुजंगनाथ नावाचा पंचाहत्तरीच्या घरातला धनिक पुन्हा बोहल्यावर चढण्यास उत्सुक आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. आई इंदिराकाकू हिचा जीव तुटतो, पण नवऱ्यापुढे तिचे काही चालत नाही. शारदेच्या मैत्रिणी तिची थट्टा करतात, आणि त्या थट्टेमागची भीती तिच्या मनात हळूहळू घर करते. शेवटी कोदंड नावाचा करारी तरुण वधू आणि वर एकाच गोत्राचे आहेत हे उघडकीस आणून हे लग्न थांबवितो.

येथे देवलांची दृष्टी किती खोल होती ते दिसते. ते लग्न इंग्रजांच्या कायद्याने मोडत नाही, सुधारकाच्या व्याख्यानानेही मोडत नाही. ते मोडते सगोत्र विवाहाच्या निषेधाने, म्हणजे कांचनभट ज्या शास्त्राचा आधार घेऊन पोट भरतो त्याच शास्त्राने. जुन्या मताच्या प्रेक्षकालाही यावर हरकत घेण्यास जागा उरत नाही. तथापि देवल एवढ्यावर थांबले नाहीत. लग्न मोडले म्हणून शारदा सुटते काय? नाही. भर मांडवातून परत आलेल्या मुलीला समाजात आता कोण पत्करणार? निराश होऊन ती नदीकडे जीव द्यावयास निघते. कोदंड तिला वाचवितो आणि पुढे शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचा विवाह होतो. एका बापाचा लोभ पुरा पडला नाही तरीही त्याची किंमत मुलीलाच द्यावी लागते, हे सत्य देवलांनी आनंदान्त नाटकातही झाकून ठेवले नाही.

त्या पहिल्या प्रयोगाची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांस सहजी यावयाची नाही. ध्वनिक्षेपक नव्हते, शेवटच्या रांगेतील माणसास ऐकू जाईल एवढे कंठबळ नटाला कमवावे लागे. संगीत नाटक रात्रीच्या रात्र चाले. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, त्यामुळे शारदा, तिच्या मैत्रिणी आणि तिची आई या साऱ्या भूमिका पुरुषच करीत. अशा साधनांनिशी या मंडळीने बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव प्रवास केला. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या इंदूरसारख्या नगरीत एका नव्या नाटकाचा प्रारंभ करण्याचे धाडस त्यांनी केले, यावरून येथील मराठी रसिकांविषयी त्यांना केवढा भरवसा वाटत असेल याचे अनुमान करता येते. होळकरांच्या या राजधानीत मराठी भाषा केवळ दरबारापुरती राहिलेली नव्हती, ती घराघरांत नांदत होती.

'शारदे'ची पदे घराघरांत पोहोचली ती त्यांच्या सोपेपणामुळे. देवलांची भाषा निर्मळ पाण्यासारखी आहे, तिचा तळ दिसतो. बायकामुलींच्या तोंडी त्यांनी बायकामुलींचेच शब्द घातले. अवघड समास, पांडित्याचे प्रदर्शन यांचा त्यांना सोस नव्हता. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतील ग्रंथ पचविलेला हा लेखक लिहावयास बसला की माजघरातली मराठी लिही, हे त्याचे मोठेपण होय.

नाटककार देवलांइतकेच 'देवल मास्तर'ही मोठे होते. तालमीत ते शब्दाशब्दाचा उच्चार, त्याचा अर्थ आणि त्याला साजेसा अभिनय यांवर कटाक्ष ठेवीत. नुसते गोड गाणे त्यांना पुरत नसे. गणपतराव जोशी यांच्यासारख्या गद्य नटाला त्यांच्या शिकवणीचा लाभ झाला, तसाच पुढे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनाही झाला. १९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा कंठ ईश्वराने दिलेला होता, परंतु त्या कंठाला अभिनयाची जोड देण्याच्या कामी देवल मास्तरांचा वाटा मोठा होता. रंगभूमीवर ज्याचा जयजयकार होतो तो नट सर्वांना दिसतो. पडद्याआड उभा राहून त्याला घडविणारा शिक्षक मात्र दिसत नाही.

आयुष्याच्या अखेरीस देवलांनी आपले जुने गद्य नाटक 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' पुन्हा हाती घेतले आणि त्यात पदे घालून त्याला 'संशयकल्लोळ' हे नवे रूप दिले. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. पण ज्याने लाखोंना हसविले, तो ते हसू ऐकण्यास राहिला नाही. १४ जून १९१६ रोजी देवलांनी इहलोकीची यात्रा संपविली होती. त्यांच्या स्मृतिदिनी नाट्य परिषदेच्या वतीने रंगभूमीवरील कलावंतांचा गौरव करण्याची प्रथा पुढे पडली.

देवलांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, १९२९ साली, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा अशी किमान वये त्याने ठरविली. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी त्याचा पुरस्कार केला म्हणून तो 'सारडा कायदा' या नावाने ओळखला गेला. गंमत अशी की, अनेक मराठी माणसांनी त्याचा उच्चार 'शारदा कायदा' असा केला आणि तो देवलांच्या शारदेवरूनच आला असा त्यांचा समज झाला. समज चुकीचा होता खरा, परंतु त्याच्या मुळाशी एक सत्य होते. कायदा येण्याच्या तीस वर्षे आधीच त्या मुलीची कहाणी त्यांच्या काळजाला भिडून बसली होती. १९७८ साली ही वये वाढून मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस झाली, आणि २००६ साली अधिक कडक असा बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला. तरीही आपल्या देशातून ही चाल अद्याप समूळ गेलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या शाळेच्या वर्गात आज ज्या वयाच्या मुली वही-पेन्सिल घेऊन बसतात, गणिते सोडवितात, स्नेहसंमेलनात नाटके करतात, त्याच वयाची शारदा बोहल्यापुढे थरथरत उभी होती. तिचे दुःख जगापुढे मांडण्यास देवलांनी ना सभा गाजविली, ना वर्तमानपत्र काढले. आपल्याला जे येत होते तेवढे त्यांनी केले. नाटक लिहिले, पण ते असे जीव ओतून लिहिले की ज्याने ते पाहिले त्याला आपल्या घरातील मुलीकडे पूर्वीच्याच नजरेने पाहणे कठीण झाले. ज्याच्या हाती जी कला आहे तिच्यानेच त्याने दुबळ्याचा कैवार घ्यावा, हा धडा देवल मास्तरांनी न बोलता दिला आहे. पुढच्या संमेलनात आपल्यापैकी कोणी 'शारदे'तील एखादा प्रवेश बसविला, तर ज्या नगरीत ती प्रथम बोलली त्या नगरीच्या मुलांनी तिचे ऋण अंशतः तरी फेडले असे होईल.