प्रोसेसर बदलायचा की अख्खा कॉम्प्युटर? होमी भाभांपुढे हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच आला होता

नंदुरबार असो की शहादा, गेमिंग पीसी जमवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, प्रोसेसर अपग्रेड करणं किती डोकेदुखीचं काम आहे. जुना मदरबोर्ड एएम4 चा असेल तर त्यातच नवा रायझन बसतो, खर्च कमी. पण एएम5 वर जायचं म्हटलं की बोर्ड बदला, रॅम डीडीआर5 घ्या, कूलर चालतो का ते बघा. एवढं करून ग्राफिक्स कार्डच जुनं निघालं, तर एफपीएस होता तिथेच राहतो.

हाच हिशोब एका माणसाला देशाच्या पातळीवर करावा लागला होता. त्यांचं नाव होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटलं की आपल्याला अणुबॉम्ब, अणुभट्टी आणि विमान अपघात एवढंच आठवतं. कॉम्प्युटर कुणाला आठवत नाही.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतल्या सधन पारशी घरातला. त्यांची आत्या सर दोराबजी टाटांची पत्नी. त्यामुळे घरच्यांचा बेत सरळ होता. पोराने केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरच्या टाटा स्टीलमध्ये रुजू व्हायचं. 1927 मध्ये भाभा केंब्रिजला गेले खरे, पण तिथे त्यांचा जीव भौतिकशास्त्रात अडकला. शेवटी बापलेकांत तह झाला. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग आणायचा, मग हवं ते शिकायचं. भाभांनी 1930 मध्ये पहिला वर्ग आणला आणि गणित-भौतिकशास्त्राची वाट धरली. ती इंजिनिअरिंगची पदवी वाया गेली नाही. कागदावरचं गणित आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यात किती अंतर असतं, हे कळणारा शास्त्रज्ञ त्यातून तयार झाला.

1937 मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर कॉस्मिक किरणांवर सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक कण हवेत शिरला की त्याचे असंख्य कण कसे होतात, याचं ते गणित होतं. असलं गणित तेव्हा हाताने नाहीतर दांडा फिरवायच्या यंत्रावर करावं लागे. आकडेमोडीत माणसाचे महिने कसे जातात, हे भाभांनी जवळून पाहिलं होतं.

1939 मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. मार्च 1944 मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढायची कल्पना मांडली. 1945 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, उभी राहिली. मुंबईत तिचा संसार पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात मांडला गेला. पुढे ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी गेली.

स्वातंत्र्यानंतर अणुऊर्जा आयोगही भाभांकडे आला. अणुभट्टी म्हणजे आकडेमोडीचा डोंगर. म्हणजे कॉम्प्युटर हवाच. पण आणायचा कुठून?

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात एकही डिजिटल कॉम्प्युटर नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने 1955-56 च्या सुमारास ब्रिटनहून एचईसी-2एम हे यंत्र आणलं. तयार पीसी घेण्याचा तो मार्ग. टीआयएफआरने दुसरा मार्ग धरला, सगळं स्वतः जोडण्याचा.

1954 मध्ये अमेरिकेतून गणितात पीएचडी करून आलेले आर. नरसिंहन टीआयएफआरमध्ये दाखल झाले. तरुण इंजिनिअरांचा एक गट जमला. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कॉम्प्युटर वापरलेला नव्हता. आधार होता जॉन फॉन नॉयमन यांच्या प्रिन्स्टनमधल्या यंत्राच्या आराखड्याचा, कारण त्या आराखड्याची टिपणं जगाला खुली होती. आज आपण यूट्यूब बघून पीसी बिल्ड करतो. या लोकांनी कागद वाचून कॉम्प्युटर बिल्ड केला, तोही सुटा भाग सहज मिळत नसताना.

भाभांनी थेट मोठ्या यंत्राला हात घालू दिला नाही. आधी एक छोटं चाचणी यंत्र बनलं आणि 1956 च्या अखेरीस चालूही झालं. मग खरं यंत्र हाती घेतलं गेलं, ते 1960 मध्ये कामाला लागलं. 1962 मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आलेल्या पंडित नेहरूंनी त्याचं टीफ्रॅक असं नामकरण केलं.

टीफ्रॅकमध्ये सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब होत्या. जुन्या रेडिओत पेटायचे ते व्हॉल्व्ह, तसेच. साडेबारा हजारांच्या घरात रेझिस्टर होते. एवढ्या ट्यूब एका वेळी तापल्या की काय उकाडा होत असेल, हे मे महिन्यात कॅबिनेटचं झाकण काढून पीसी चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मेमरी होती 2,048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. म्हणजे सुमारे 10 किलोबाइट. आज रायझन 5 5600 सारख्या मधल्या फळीतल्या प्रोसेसरच्या पोटातच 32 मेगाबाइट कॅश असते. तरी या 10 किलोबाइटवर संशोधनातली खरी गणितं सुटत होती. यंत्राला आलेख आणि अक्षरं दाखवणारा पडदासुद्धा होता!

पण टीफ्रॅक तयार होईपर्यंत जग पुढे गेलं होतं. अमेरिकेत ट्यूब जाऊन ट्रान्झिस्टर आले होते. ट्रान्झिस्टर लहान, थंड आणि टिकाऊ. टीफ्रॅक चालू झालं त्या दिवशीच एक पिढी जुनं होतं, आणि हे टीआयएफआरमधल्या लोकांना बाहेरच्यांपेक्षा जास्त कळत होतं.

आता सुरू होते खरी पंचाईत. एकीकडे स्वतःच्या हातांनी घडवलेलं यंत्र, त्याला खुद्द पंतप्रधानांनी नाव दिलेलं. दुसरीकडे वाढत चाललेलं काम. मेमरी 10 किलोबाइटची, त्यामुळे मोठं गणित तुकडे करून घालावं लागे. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत लिहायचा, म्हणजे ज्याला यंत्राची नस माहीत तोच वापरू शकणार. नुसत्या ट्यूब बदलून हे सुटणारं नव्हतं. गेमरच्या भाषेत सांगायचं तर बॉटलनेक सगळीकडेच होता.

पर्याय दोनच होते. पुन्हा शून्यापासून स्वतःचं ट्रान्झिस्टर यंत्र बनवायचं, त्यात पुन्हा चार-पाच वर्षं घालायची आणि तोवर जग आणखी पुढे गेलेलं बघायचं. नाहीतर बाहेरून विकत घ्यायचं.

भाभांची ओळख स्वावलंबनाचा आग्रह धरणारा माणूस अशी. पण अभिमानासाठी संशोधन अडवून ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. 1964 मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनचं सीडीसी 3600 बसवलं गेलं. हे यंत्र अमेरिकेतच 1963 मध्ये बाजारात आलेलं. लाँच झालेला टॉपचा प्रोसेसर पुढच्याच वर्षी आपल्या घरात, असला तो प्रकार. त्याच काळात आयबीएम भारतात जुनी यंत्रं दुरुस्त करून भाड्याने देत होती, हे लक्षात घेतलं की या निवडीची किंमत कळते.

सीडीसी 3600 ची मेमरी 32,768 शब्दांची, शब्द 48 बिटांचा. म्हणजे 192 किलोबाइट, टीफ्रॅकच्या 19 पट. पण नुसता आकडा बघून भुलायचं नसतं. या निवडीत दोन गोष्टी जास्त मोलाच्या होत्या. पहिली, मोठ्या यंत्राबरोबर 160-ए नावाचं छोटं यंत्र जोडलेलं होतं. कार्डं वाचणं, छापणं ही सावकाश कामं ते करायचं आणि मोठा प्रोसेसर गणितासाठी मोकळा राहायचा. महागडा प्रोसेसर घेऊन त्याला हार्ड डिस्कची वाट बघत बसवणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं. दुसरी गोष्ट, फोरट्रान. टीफ्रॅकचे जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालणार नव्हते, शब्दाची लांबीच वेगळी. पण फोरट्रानमध्ये लिहिलेला प्रोग्राम थोडेफार बदल करून दुसऱ्या यंत्रावर नेता यायचा. यंत्राच्या पोटात काय आहे हे माहीत नसलेला रसायनशास्त्राचा प्राध्यापकही आता स्वतःचं गणित स्वतः घालू शकत होता.

भाभांनी हे यंत्र टीआयएफआरपुरतं ठेवलं नाही. देशभरातल्या संस्थांना आणि विद्यापीठांना ते खुलं झालं, प्रोग्रामिंगचं प्रशिक्षण सुरू झालं. एवढं मोठं परदेशी यंत्र सांभाळायला माणसं लागतात, ती टीफ्रॅकने आधीच तयार करून ठेवली होती. टीफ्रॅकवरची वर्षं वाया गेली म्हणणाऱ्यांना याचा विसर पडतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. टीफ्रॅकचा दुसरा नमुना कधी निघालाच नाही. ते संशोधनाचं यंत्र म्हणून जन्मलं आणि तसंच संपलं, त्यातून कारखाना उभा राहिला नाही. ज्या माणसाने अणुऊर्जेत प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतची साखळी उभारली, त्याने कॉम्प्युटरमध्ये ती वेळेत उभारली नाही, हे म्हणावंच लागतं.

भाभांना हे उमगलं नव्हतं असं नाही. 1962 च्या चीन युद्धाने इलेक्ट्रॉनिक्समधली परावलंबिता उघडी पाडली. ऑगस्ट 1963 मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. दहा वर्षांत देश या क्षेत्रात स्वतःच्या पायावर कसा उभा राहील, याचा आराखडा तिने तयार केला.

त्याची अंमलबजावणी भाभांना बघता आली नाही. 24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले असताना त्यांचं एअर इंडियाचं कांचनजंगा विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं. विमानातले सगळे 117 जण गेले. भाभा 56 वर्षांचे होते. समितीचा अहवाल त्याच वर्षी आला.

कुलाब्यातलं सीडीसी 3600 त्यानंतरही देशाची गणितं सोडवत राहिलं. 1967 मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली, तिची मुळं तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात होती. 1969 मध्ये तुर्भ्याच्या इंजिनिअरांनी केलेलं टीडीसी-12 हे यंत्र आलं. 12 बिटांचं, आणि या वेळी ट्रान्झिस्टरवर चालणारं.