सशाच्या मज्जारज्जूतून आलेली लस

शेतकरी बंधूंनो, मळ्याच्या राखणीला कुत्रं नाही असा शेतकरी विरळाच. पण तेच कुत्रं पिसाळलं, की घरात आणि गोठ्यात कुणाची खैर नाही. या रोगावर पहिली लस काढणाऱ्या लुई पाश्चर यांची ही हकीकत ऐकून ठेवा.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील कातडी कमावायचे. मुलगा शिकला रसायनशास्त्र. डॉक्टरकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण शेतकऱ्याची अडचण त्यांनी आपली मानली. १८६५ साली रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध हाती घेतला. १८६८ साली झटका येऊन डावं अंग लुळं पडलं, तरी काम सोडलं नाही. १८८१ साली फाशी रोगाची लस लोकांदेखत मेंढरांना टोचली. टोचलेली तगली, न टोचलेली मेली.

मग त्यांनी पिसाळ रोग धरला. त्याचं बीज सूक्ष्मदर्शकात दिसेना, बाटलीतही वाढेना. कारण तो विषाणू. जिवंत पेशीतच वाढणारा. लाळेतून तो जखमेत उतरतो आणि मज्जातंतू धरून मेंदूकडे चढतो. त्याला बहुधा काही आठवडे, कधी महिनेही लागतात. लस काम करते ती याच मुदतीत.

पाश्चर आणि त्यांचे सहकारी रू यांनी रोगट मेंदूचा अंश सशाच्या मेंदूत टोचला, त्या सशातून दुसऱ्या सशात, असं करत गेले. शेवटी ससा नेमका सात दिवसांत आजारी पडू लागला. मेलेल्या सशाचा मज्जारज्जू त्यांनी कोरड्या हवेच्या बाटलीत टांगला. दिवसागणिक विषाणूचा जोर ओसरला; पंधरवड्यात तो जवळजवळ संपला. आधी सर्वात कमजोर, मग जरा ताजा, अशा चढत्या क्रमाने टोचलं, की शरीर लढायला तयार होतं. कुत्र्यांवर हे साधलं.

६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा पोरगा घेऊन त्याची आई पॅरिसला आली. अंगावर पिसाळलेल्या कुत्र्याचे चावेच चावे. टोचावं तर माणसावर भरवसा नाही, न टोचावं तर मरण समोर. पाश्चर यांनी जोखीम पत्करली. सुई डॉक्टर ग्रँशे यांनी दिली. दहा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या. पोरगा जगला. पुढच्या वर्षी लांडगा चावलेले १९ जण रशियातून आले. १६ वाचले, तिघे उशीर झाल्याने दगावले. २८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर वारले. तोच दिवस आज जागतिक रेबीज दिन आहे.

त्या काळी लसीसाठी लोक देश ओलांडून जायचे. आपल्याला मनमाड स्टेशनावर गाडीही धरावी लागत नाही. लस सरकारी दवाखान्यात मिळते. पोटातल्या चौदा सुयांची भीती आता सोडा. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना लावू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सगळे डोस पुरे करा. जखम खोल असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं, ते डॉक्टरांना विचारा. चावलेल्या जनावरासाठीही पशुवैद्यकाला लगेच बोलवा. पाण्याची भीती सुरू झाल्यावर मात्र पाश्चर यांच्या लसीचाही इलाज चालत नाही.