बॅटमॅनचा विसरलेला लेखक जुनी कॉमिक्स वाचणाऱ्यांनी शोधून काढला, त्या बिल फिंगरची गोष्ट

मार्च २०१६ मध्ये 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' हा सिनेमा जगभर लागला. सिनेमा चांगला की वाईट, यावरून चाहत्यांमध्ये भरपूर भांडणं झाली. पण त्याच्या नामावलीत एक गोष्ट पहिल्यांदाच घडली होती. बॅटमॅनचा जनक म्हणून तोवर प्रत्येक सिनेमात एकच नाव यायचं, बॉब केन. या वेळी त्याच्या जोडीला दुसरं नाव होतं, बिल फिंगर.

फिंगरला जाऊन तेव्हा ४२ वर्षं झाली होती.

मग हे नाव इतक्या उशिरा आलं कसं? कंपनीला एक दिवस उपरती झाली आणि तिनं आपणहून ते छापलं, असं काही झालं नाही. हे नाव टिकवलं ते वाचकांनी. जुने अंक जपणारे, ते पुन्हा पुन्हा वाचणारे आणि ही गोष्ट नक्की लिहिली कुणी, असं विचारत राहणारे वाचक.

बूट विकणारा लेखक

८ फेब्रुवारी १९१४ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एका ज्यू कुटुंबात फिंगरचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव मिल्टन. वडील ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले शिंपी. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहायला आलं. महामंदीत वडिलांचं दुकान बंद पडलं. पोराला लेखक व्हायचं होतं, पण घर चालवायचं म्हणून तो बूट विकायला लागला.

१९३८ च्या सुमारास एका पार्टीत त्याची गाठ बॉब केनशी पडली. दोघंही ब्राँक्सचे, दोघंही डेविट क्लिंटन हायस्कूलचे. केन चित्रं काढायचा, त्याला गोष्टी लिहून देणारा माणूस हवा होता. फिंगर त्याच्यासाठी पडद्यामागून लिहू लागला. म्हणजे गोष्ट फिंगरची आणि नाव केनचं.

त्याच वर्षी सुपरमॅन बाजारात आला आणि तुफान चालला. प्रकाशकांना तसाच दुसरा नायक हवा होता. केननं एक चित्र काढलं. लाल कपडे, डोळ्यांवर छोटासा मुखवटा आणि पाठीला वटवाघळासारखे ताठ पंख. त्यानं ते फिंगरला दाखवलं.

फिंगरनं त्यात एकेक बदल सुचवला. पंख काढून अंगरखा दे, डोकं झाकणारा टोकदार कानांचा मुखवटा दे, डोळ्यांत बुबुळं काढू नकोस, हातमोजे घाल, लाल रंग काढून राखाडी आणि काळा कर. आज लहान पोरगंसुद्धा ज्याला बघून ओळखतं, तो बॅटमॅन या बोलण्यातून तयार झाला. मे १९३९ ही तारीख असलेल्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात तो पहिल्यांदा आला. ती गोष्टही फिंगरचीच होती.

ब्रूस वेन हे नावसुद्धा त्याचंच. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्याकडून 'ब्रूस' घेतलं आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती अँथनी वेन याच्याकडून 'वेन'. शहराचं नाव शोधताना त्याला फोनच्या डिरेक्टरीत 'गॉथम' नावाचं सराफाचं दुकान दिसलं आणि गॉथम सिटी ठरलं. रॉबिन, कॅटवूमन, पेंग्विन आणि रिडलर या सगळ्यांना घडवण्यात त्याचा हात होता. जोकर नेमका कुणी सुचवला, यावरून मात्र केन, फिंगर आणि चित्रकार जेरी रॉबिन्सन यांच्यात पुढे एकमत झालं नाही.

मग नाव का नाही आलं?

केननं हे पात्र कंपनीला विकताना जो करार केला, त्यात प्रत्येक गोष्टीवर त्याचं नाव येईल अशी सोय करून घेतली. फिंगर त्या करारात नव्हताच. केननं ठेवलेला लेखक एवढीच त्याची ओळख होती. त्या काळच्या कॉमिक्समध्ये हा रिवाजच होता, एका नावाखाली अनेक जण राबायचे.

पण हे अगदीच टाळता न येण्यासारखं होतं का? तसंही नाही. १९४० मध्ये चित्रकार मार्टिन नोडेलबरोबर फिंगरनं ग्रीन लँटर्नच्या पहिल्या गोष्टी लिहिल्या, तेव्हा लेखक म्हणून त्याचं नाव छापलं गेलं. बॅटमॅनच्या वेळी मात्र त्यानं भांडून काही मागितलं नाही.

त्यात फिंगर लिहायला वेळ लावायचा. वह्यांमध्ये कल्पना टिपून ठेवायच्या, मासिकांतली कात्रणं जमवायची आणि मग गोष्ट बांधायची, ही त्याची पद्धत. राक्षसी आकाराच्या टाइपरायटरवर किंवा नाण्यांवर चाललेल्या मारामाऱ्या ही त्याची खास ओळख. मुदत चुकायची, संपादक वैतागायचे आणि पैशांची ओढाताण कायम असायची. तरीही त्यानं जवळपास २५ वर्षं बॅटमॅन लिहिला.

आता येतात वाचक

१९६० च्या आसपास एक नवी जमात तयार झाली. लहानपणी ही कॉमिक्स वाचलेली पोरं आता मोठी झाली होती, नोकऱ्या करत होती आणि जुने अंक शोधत होती. त्यांच्यात डेट्रॉइटचा एक प्राध्यापक होता, जेरी बेल्स. १९६१ मध्ये त्यानं रॉय थॉमस या मित्राच्या साथीनं 'ऑल्टर इगो' नावाचं चाहत्यांचं मासिक सुरू केलं. जुन्या अंकांची परीक्षणं, कोणता अंक कधी आला याच्या याद्या, कुणाची शैली कशी याच्या चर्चा, असा सगळा मसाला अशा मासिकांमध्ये असायचा.

त्यांना एका संपादकाची मदत झाली. ज्युलियस श्वार्ट्झ आपल्या अंकांत वाचकांची पत्रं छापताना त्यांचे पूर्ण पत्तेही छापायचा. त्यामुळे दूरदूरचे वाचक एकमेकांना पत्रं लिहू लागले आणि माहिती जुळू लागली. प्रश्न सोपा होता. अंकावर लेखकाचं नाव नाही, तर मग लेखक कोण?

१९६५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचं संमेलन भरलं. तिथल्या मंचावर फिंगर पहिल्यांदा चाहत्यांसमोर बसला. बेल्सनं त्याच्याकडून सगळी हकिकत ऐकली आणि दोन पानांचा लेख लिहून चाहत्यांमध्ये फिरवला. बॅटमॅन घडवण्यात फिंगरचा वाटा किती मोठा होता, हे त्यातून पहिल्यांदाच लिखित स्वरूपात लोकांपुढे आलं.

केन भडकला. त्यानं एक लांबलचक पत्र लिहून फिंगरचा दावा फेटाळला आणि बॅटमॅन आपण एकट्यानंच घडवल्याचं ठासून सांगितलं. हे पत्र १९६७ मध्ये 'बॅटमेनिया' या चाहत्यांच्याच मासिकात छापून आलं. चाहत्यांनी दोन्ही बाजू छापल्या, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना दोन्ही वाचायला मिळाल्या.

याच जुनं वाचणाऱ्या मंडळींनी फिंगरची उसनवारीही उघडी पाडली, हे सांगायला हवं. बॅटमॅनची पहिलीच गोष्ट 'द शॅडो' या रहस्यमासिकातल्या १९३६ च्या एका कादंबरीवर बेतलेली होती, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी दाखवून दिलं. पहिली गोष्ट शॅडोच्या धर्तीवर लिहिल्याचं फिंगरनं स्वतःही कबूल केलं होतं. म्हणजे या वाचकांना फिंगरला देव करायचं नव्हतं. कुणी काय केलं, याचा हिशेब नीट लागायला हवा होता.

शेवट आणि त्यानंतर

१९६६ मध्ये बॅटमॅनची टीव्ही मालिका गाजली. तिच्यातली 'क्लॉक किंग'ची दोन भागांची कथा फिंगरनं मित्र चार्ल्स सिंक्लेअरसोबत लिहिली. तिथं त्याचं नाव आलं, पण भागाचा लेखक म्हणून. बॅटमॅनचा जनक म्हणून स्वतःचं नाव त्यानं हयातीत पडद्यावर कधीच पाहिलं नाही.

१८ जानेवारी १९७४ रोजी मॅनहॅटनमधल्या घरात तो मरण पावला. वय ५९. पुढे बरीच वर्षं अशी समजूत होती, की त्याला बेवारशासारखं कुठंतरी पुरलं. प्रत्यक्षात त्याचा मुलगा फ्रेड यानं त्याची रक्षा ओरेगनच्या समुद्रकिनाऱ्यावर नेली आणि वाळूवर वटवाघळाच्या आकारात पसरली.

१९८९ मध्ये केननं आत्मचरित्रात फिंगरला न्याय मिळाला नसल्याचं मान्य केलं आणि खंतही व्यक्त केली. पण त्याच वर्षी आलेल्या बॅटमॅनच्या मोठ्या सिनेमात जनक म्हणून नाव केनचंच होतं.

मार्क टायलर नोबलमन हा लेखक फिंगरवर पुस्तक लिहायला बसला तेव्हा त्याला अडचण दिसली. फ्रेड १९९२ मध्ये गेला होता, म्हणजे हक्क मागायला कुणी उरलंच नाही असं सगळे धरून चालले होते. नोबलमननं शोध घेतला आणि फ्रेडची मुलगी अथीना सापडली. आजोबा गेल्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेली. नोबलमनचं पुस्तक २०१२ मध्ये आलं. अथीनानं बाजू लावून धरली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये डीसीनं फिंगरला श्रेय द्यायचं जाहीर केलं. पहिल्या अंकापासून मोजलं तर ७६ वर्षांनी.

२०१७ मध्ये ब्राँक्समधल्या एका चौकाला 'बिल फिंगर वे' हे नाव मिळालं. तिथून जवळच पो पार्क ही बाग आहे. तिथल्या बाकांवर बसून केन आणि फिंगर बॅटमॅनच्या गोष्टी जुळवायचे.

करारात फिंगरचं नाव नव्हतं आणि मुखपृष्ठावरही नव्हतं. ते पन्नास वर्षं टिकलं चाहत्यांच्या याद्यांमध्ये, पत्रांमध्ये आणि हौसेनं छापलेल्या चार-दोन पानांमध्ये. अथीना उभी राहिली तेव्हा तिला पुरावा शोधत फिरावं लागलं नाही. वाचकांनी तो आधीच लिहून ठेवला होता.