मुलांच्या चुकांमागील तर्क शोधणारे ज्याँ पियाजे

ज्याँ पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. प्राणिशास्त्राचे अभ्यासक असलेले पियाजे पुढे पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करू लागले. ठरावीक वयाची मुले एकाच प्रकारच्या चुका करतात, हे तेथे त्यांच्या ध्यानी आले. बुटक्या पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतल्यास ते वाढले, असे लहान मुलांना वाटते; ही मंदबुद्धी नसून त्या वयाची विचारपद्धती होय. १९२१ पासून जिनिव्हात केलेल्या संशोधनातून, स्वतःच्या तीन अपत्यांच्या निरीक्षणांसह, त्यांनी बौद्धिक विकासाच्या चार अवस्था मांडल्या. तान्ह्या बाळांची समज त्यांच्या अनुमानापेक्षा लवकर विकसित होते, असे नंतरच्या संशोधनात आढळले. १६ सप्टेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले. चुकणाऱ्या मुलाला समजून घेण्याची दृष्टी मात्र त्यांनी शिक्षकांना दिली.