शस्त्रवैद्य वानलेस

आमच्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांस पुढे काय होणार असे विचारिले, तर डॉक्टर होणार असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु रोज सकाळी हाती सुरी घेऊन ती जिवंत माणसाच्या अंगावर चालवावी लागेल, हा विचार त्यांपैकी थोड्यांच्याच मनात आलेला असतो. पालकांच्या मनात तर तो बहुधा नसतोच. रापी धरणारा चर्मकार, वस्तरा धरणारा नाभिक, सुरा धरणारा खाटीक ह्यांस आपल्या समाजाने फार काळ खालच्या पायरीवर बसविले, आणि शस्त्रक्रिया करणारा तेवढा उच्चासनावर! हा भेद फारसा जुना नव्हे. लंडन शहरात १५४० पासून १७४५ पर्यंत न्हावी आणि शस्त्रवैद्य एकाच संघाचे सभासद होते. आमच्या पुण्याचीच गोष्ट घ्या. कावसजी नावाच्या एका बैल हाकणाऱ्याचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. त्यास कपाळाच्या कातड्याचे नवे नाक पुण्याजवळ बसविण्यात आले, आणि ते बसविणारा विटा करणाऱ्यांच्या जातीतला एक कारागीर होता. त्याचे हत्यार म्हणजे वस्तरा. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे १८१४ साली कार्प्यू नामक शस्त्रवैद्याने तीच रीत तेथे यशस्वी करून दाखविली. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र त्या मासिकाने छापिले नाही.

ज्याचे नाव राहिले, अशा एका शस्त्रवैद्याचे चरित्र आज सांगावयाचे आहे. विल्यम जेम्स वानलेस ह्यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात झाला. १८८९ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली आणि त्याच वर्षी पत्नी मेरी ह्यांच्यासह ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. वय अवघे चोवीस. आरंभी त्यांनी सांगलीस लहानसा दवाखाना चालविला. थोड्याच वर्षांत ते जवळच्या मिरजेस गेले, आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्यांनी त्या एका गावात वेचिले.

मिरज हे गाव धारेला अपरिचित नव्हते. तेथील शिकलगार पूर्वी तलवारींस धार लावीत असत. तलवारींची मागणी ओसरल्यावर त्यांच्यातील फरीदसाहेब व त्यांचे घराणे तंबोरे आणि सतारी घडवू लागले, व ती वाद्ये आज देशभर वाजतात. अशा गावी हा परका तरुण सुऱ्यांची पेटी घेऊन उतरला. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून गेलेला असल्यामुळे दूरदूरचे रोगीही तेथे पोहोचू शकत. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स ह्यांनी पैसा दिला, आणि १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभे राहिले.

परंतु इमारत उभी राहिली म्हणजे रोगी सुरीखाली आडवा होतो असे नाही. नव्या गावात एखादा रोगी टेबलावर दगावला तर दुसऱ्या दिवशी बाजारात काय बोलले जाईल, हे कोणासही उमजेल. शिवाय मोतीबिंदूसाठी लोकांस निराळाच उपाय ठाऊक होता. गावोगाव फिरणारे लोक डोळ्यात सुई घालून आतले पांढरे झालेले भिंग मागे ढकलून देत. रोग्यास तत्काळ दिसू लागे, तो आनंदाने पैसे देई, आणि डोळा सुजून पुष्कळदा कायमचा जाई. तोवर सुईवाला चार गावे पुढे गेलेला असे.

वानलेस ज्या विद्येत निष्णात झाले, तीत ते भिंग डोळ्याबाहेरच काढावयाचे असे. ती क्रिया कशी चाले हे सांगण्याजोगे आहे. १८८४ पासून कोकेनचे थेंब डोळ्यात घालून तो बधिर करता येऊ लागला होता. रोगी जागाच असे. गवताच्या पात्यासारखी अरुंद सुरी बुबुळाच्या कडेला एका बाजूने शिरवून दुसऱ्या बाजूने बाहेर काढावयाची व वरच्या दिशेने कापीत न्यावयाची; मग हलक्या दाबाने भिंग बाहेर येई. रोग्याने मान हलविली किंवा वैद्याचा हात कापला, तर डोळा गेलाच. हत्यारे निर्जंतुक केली नसली तर उत्तम हातानेही डोळा जाई. लिस्टर ह्यांनी १८६७ साली कार्बोलिक आम्लाचा उपयोग जगापुढे मांडिला होता. तेव्हा ज्या विद्येवर मिरजेचे काम उभे राहिले ती त्या वेळी पंचवीस-तीस वर्षांचीच होती. सुरी वापरण्यापूर्वी तिची वाट पाहावी लागते, ती उकळावी लागते, ही गोष्ट धिटाईहून अधिक महत्त्वाची आहे असे आम्हांस वाटते. रक्त पाहून ज्याच्या पोटात कालवते असा मुलगा ह्या धंद्यास नालायक, असे आम्ही म्हणणार नाही. सुश्रुताने शिष्यांस प्रथम कोहळे, दुधी, काकडी कापावयास लाविले आहे. ह्याचा अर्थ हात सवयीने बनतो असाच होतो.

मोतीबिंदू बरे झालेले लोक आपापल्या गावी परतले आणि मिरजेचे नाव त्यांनी पसरविले. डोळ्यांप्रमाणेच पोटाच्या अवघड शस्त्रक्रियांसाठीही दूरचे रोगी येऊ लागले. पण एका माणसाचा हात किती जणांपर्यंत पोहोचणार? वानलेस ह्यांनी १८९७ साली रुग्णालयास जोडून वैद्यकीय शाळा काढिली आणि येथील तरुणांच्या हाती सुरी दिली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामात हे सर्वांत मोठे. नामांकित शस्त्रवैद्याजवळ रोगी येतात ते त्याच्या हातासाठी; अशा वेळी नवशिक्यास पुढे करून आपण बाजूस उभे राहणे सोपे नसते. नवशिक्याच्या चुकीचा दोष गुरूच्या माथी येतो, आणि त्याच्या यशाचे श्रेय त्याचे त्याला मिळते.

१९०६ साली मेरीबाई निवर्तल्या. पुढच्या वर्षी त्यांनी लिलियन हेवन्स ह्यांच्याशी विवाह केला व काम चालूच ठेविले. १९२० साली मिरज व सांगलीच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. कैसर-इ-हिंद पदक त्यांस मिळाले होतेच. १९२८ साली सर हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी ते मिरज सोडून गेले. १९३३ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे त्यांचे देहावसान झाले.

१९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आरोग्यधामाभोवतीच्या वस्तीस लोक वानलेसवाडी म्हणू लागले, आणि हे नाव आजही त्या भागात रोजच्या बोलण्यात आहे.